आसरा दिला, आता कामाचा हक्कही द्या : विदर्भातल्या दहा खासदारांना खुलं पत्र

सन्माननीय खासदार महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यापासून गावातलं छोटं वाचनालय बघते. आमचा तालुका तुम्हाला नवेगावबांधच्या तलावामुळे, इटियाडोह धरणामुळे, नाहीतर प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ठाऊक असेल. त्याची आणखी एक ओळख आहे. इथे धानाच्या बांध्यांच्या कडेला दोन परक्या मुलखांतून उठून आलेली माणसं राहतात. अरुणनगर आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं आहेत. गोठणगावच्या बाजूला नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. आमच्या तोंडी दोन्हींचं नाव एकच, कॅम्प. बंगाली कॅम्प, तिबेट कॅम्प. घरं पक्की झाली, तिसरी पिढी शाळा शिकून बाहेर पडली, तरी शब्द तोच राहिला.

माझी मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र अर्धवट राहिलं तरी ती पोचेल. ज्याला या देशाने आसरा दिला त्याला काम करायचा हक्क कायद्याने द्या, आणि तो आल्यापासून थोड्या महिन्यांतच द्या. आज तो कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. अन्न, छप्पर, दवाखाना यांची व्यवस्था झाली की माणसाचं भागलं असं सरकार धरून चालतं. तसं भागत नाही, हे मी माझ्याच तालुक्यात पाहिलं आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा खुलना जिल्ह्यातले. १९६४ च्या जानेवारीत तिकडे दंगली पेटल्या तेव्हा बायको आणि दोन मुलं घेऊन निघाले. फिरत फिरत रायपूरजवळच्या माना कॅम्पात पोचले. तिथे तंबू होता, धान्य होतं आणि रोख रक्कम मिळायची. तिला ते ‘डोल’ म्हणत. मी शाळेच्या कामासाठी त्यांच्या घरी जायची तेव्हा त्यांच्याशी बोलणं व्हायचं. माझी समजूत अशी की ते दंगलीबद्दल बोलतील, रस्त्यात गेलेल्या माणसांबद्दल बोलतील. ते पुन्हा पुन्हा सांगायचे ते कॅम्पातल्या सकाळींबद्दल.

जन्मभराच्या सवयीने पहाटे चारला जाग यायची. नांगराला जायची वेळ. उठून बाजेच्या कडेवर बसायचे आणि मग पुढे काय करायचं ते समजायचं नाही. बायको पाण्याच्या रांगेला लागायची, मग चूल, मग पोरांचं. तिचा दिवस गावाकडे भरलेला असायचा तसाच तिथेही भरलेला होता. हे मात्र ऊन वर येईपर्यंत तसेच बसलेले. धाकट्या मुलाला वाटायचं, बापाला ताप आहे. तो येऊन कपाळाला हात लावून बघायचा. हे सांगताना आजोबा स्वतःच्या कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, “ताप नव्हता ना बाई. कामच नव्हतं.”

पुढे इकडे जमीन मिळाली. दलदलीच्या, खाडीच्या मुलखातला माणूस, त्याच्या पुढ्यात झुडपी जंगलाची लाल मुरमाड जमीन आली. घरावर कवेलू चढायच्या आधी त्यांनी घराच्या मागे खड्डा खणायला घेतला. शेजारच्या गावातले लोक बघायला यायचे, विहीर इतकी रुंद कोण खणतं म्हणून. विहीर नव्हतीच ती. त्यांच्या मुलखात प्रत्येक घरामागे तळं असतं, तसं तळं ते करत होते. पहिल्या पावसाळ्यात त्यात पाणी साचलं, दुसऱ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडलं. खणायला सुरुवात केली त्या रात्री तळहाताला फोड आले होते आणि कितीतरी महिन्यांनी सलग झोप लागली, हे त्यांचं वाक्य मी विसरलेली नाही. मी गेले की ते मला आधी तळ्याकडे न्यायचे, मग खुर्ची द्यायचे.

आता मी जे सांगणार आहे ते मला फार नंतर, वाचनालयात बसून समजलं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गिरणीगाव होतं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बसून राहिलं. मारी याहोडा नावाच्या संशोधक बाईने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावात राहून बारीक नोंदी घेतल्या. त्यांनी पाहिलं की माणसांकडे वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्याने चालताना हळू चालू लागले, उगाच थांबू लागले. बायका मात्र घरकामामुळे दिवसाला धरून होत्या. ते वाचताना मला माना कॅम्पातली ती बाज दिसली आणि पाण्याच्या रांगेतली ती बाई दिसली. याहोडाने पुढे लिहून ठेवलं की काम पैशाखेरीज आणखी बरंच देतं. दिवसाला आकार देतं, घराबाहेरच्या माणसांशी गाठ घालून देतं, चार जणांच्या कामात आपला वाटा आहे असं वाटू देतं, समाजात ओळख देतं आणि हातपाय हलते ठेवतं. १९३६ मध्ये तिला तिच्या राजकीय कामामुळे अटक झाली. देश सोडण्याच्या अटीवर सुटका झाली आणि ती इंग्लंडला गेली. बेकारीचा अभ्यास करणारी ती बाई स्वतः निर्वासित झाली.

महोदय, आपल्या राज्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी महाराष्ट्रभर राबवली गेली. १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक आहे, हे देशात पहिल्यांदा आपण लिहून ठेवलं आणि २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वाटेने आला. त्या योजनेत खडी फोडणाऱ्या बायांना मी लहानपणी पाहिलं आहे. फुकट धान्य वाटलं असतं तर ते स्वस्त पडलं असतं, असं तेव्हाही काही लोक म्हणत. तरी आपण काम निवडलं. आणि त्याच १९७२ साली, त्याच राज्यात, गोठणगावला तिबेटी कुटुंबं येऊन उतरत होती.

त्यांच्याकडे आता येते. दिवाळीच्या आसपास तिबेट कॅम्प अर्धा रिकामा होतो. जाणती माणसं स्वेटर विकायला नागपूरला आणि इतर शहरांना निघतात. माल लुधियानाचा, बराचसा उधारीवर उचललेला. थंडी चांगली पडली तर उधारी फिटून वर्षाचा खर्च निघतो, नाही पडली तर व्याज चढतं. एक बाई माझ्या ओळखीची आहे. चाळीस वर्षांची असेल. ती म्हणते, “बाई, डिसेंबरमध्ये ढग आले की माझं पोट दुखतं.” तिचे पाय संध्याकाळपर्यंत सुजतात. मुलं वसतिगृहात, सासू घरी एकटी. कमाई आहे, पण घर चार महिने विस्कटलेलं. म्हणून काम मिळालं की सगळं बरं होतं, असं मी म्हणणार नाही. कुठलं काम, कुणाच्या अटीवर, घराजवळ की घर मोडून, यावर बरंच अवलंबून असतं. या बाईला गालिचे विणता येतात, ते तिच्या आईने शिकवलं. घरी बसून विणायला भांडवल लागतं, भांडवलाला कर्ज लागतं, कर्जाला तारण लागतं आणि तिच्या नावावर जमीन नाही. तिच्याकडे परदेशी नागरिक म्हणून नोंदणी केल्याचं प्रमाणपत्र आहे, ज्याला कॅम्पात सगळे ‘आरसी’ म्हणतात. मुदत संपली की ते नवं करून घ्यायचं.

२०१४ साली केंद्र सरकारने तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. वसाहतींच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्याव्यात, सरकारी योजनांचा लाभ द्यावा, व्यवसायाचे परवाने द्यावेत, असं त्यात म्हटलं आहे. परंतु धोरण म्हणजे राज्यांना केलेली सूचना. खिडकीमागच्या बाबूने “तुमचं बसत नाही” म्हटलं तर त्या बाईने कुठलं कलम दाखवायचं?

ही अडचण थेट राज्यघटनेपर्यंत जाते. कुठलाही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य देणारं कलम १९ नागरिकांसाठी आहे. सरकारी नोकरीत समान संधी देणारं कलम १६ सुद्धा नागरिकांसाठी. जगण्याचा हक्क देणारं कलम २१ मात्र प्रत्येक माणसासाठी आहे, आणि १९९६ साली अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते त्यांनाही लागू केलं. म्हणजे निर्वासिताने जिवंत राहावं याची हमी आहे. त्याने पोट कसं भरावं याबद्दल घटना गप्प आहे आणि संसदेने ती जागा भरलेली नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात मजुरीच्या कामाचं कलम आहे, स्वतःच्या धंद्याचं कलम आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर काही निर्वासितांना खासगी नोकरी करता येते, पण तेही गृहखात्याच्या कार्यपद्धतीने, कायद्याने नव्हे. परिपत्रकाने मिळालेलं दुसऱ्या परिपत्रकाने जाऊ शकतं. २०१५ साली शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयासंबंधी खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

आता तुमच्या मतदारांचा प्रश्न, जो सभेत तुम्हाला विचारला जाईल आणि जो मलाही विचारला जातो. “आमच्याच पोरांले काम नाही जी, आन तुमी बाहेरच्याइले काम देता?” हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नाही. रोवणी-कापणी सोडली तर आमच्याकडे हाताला काम नसतं. पोरं मिरची तोडायला तेलंगणात जातात, बायका तेंदूपत्त्याच्या पंधरवड्यावर आशा ठेवून असतात. त्याला उत्तर द्यायलाच हवं.

माझं उत्तर असं. ज्याला आसरा दिला तो काम करणारच आहे, पोट कुणाचं थांबत नाही. हैदराबादच्या बाळापूर भागात रोहिंग्या कुटुंबं राहतात. भंगार वेचणं, बांधकामावर रोजी, हेच त्यांचं काम. त्यांच्या हातात निर्वासित असल्याचं संयुक्त राष्ट्रांचं कार्ड असतं, कामाचा हक्क नसतो. ठेकेदाराने रोजी बुडवली तर ते पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत, कारण तिथे पहिला प्रश्न त्यांच्याच कागदांचा निघेल. हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं. मग तो कुणाला कामावर घेईल आणि आमच्या पोराला किती रोजी सांगेल? कागद नसलेला मजूर जितका दबलेला, तितकी कागद असलेल्या मजुराचीही रोजी दबलेली. त्याला हक्क मिळाला तर त्याच्या बाजूला उभा असलेला आमचा पोरगाही वाचतो.

आणि इथला अनुभव काय सांगतो? ज्यांना जमीन मिळाली त्या बंगाली शेतकऱ्यांची भाजी आज आमच्या आठवडी बाजारात येते. उन्हाळ्यात कारली, दोडकी, पडवळ त्यांच्याचकडून घ्यायची अशी बायांची सवय झाली आहे. बोडीत मासे सोडताना लोक त्यांना विचारतात. भांडणं होत नाहीत असं नाही, बांधाच्या धुऱ्यावरून सगळ्यांचीच होतात. त्या कुटुंबांचंही सगळं सुरळीत आहे असं समजू नका. त्यांच्यातली नमशूद्र जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्रात नाही. सरकारनेच ज्यांना इकडे आणून वसवलं, त्यांच्या मुलांना केवळ ती राज्याची सीमा ओलांडली म्हणून आरक्षणाची नोकरी मिळत नाही. हेही कामाच्या हक्काचंच दुखणं आहे, आणि ते सोडवणं संसदेच्या हातात आहे.

बाहेरच्या देशांनी काय केलं ते थोडक्यात सांगते. युगांडाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांना कामाची मुभा दिली आणि वस्त्यांमध्ये कसायला जमिनीचा तुकडाही देतात. तो देश आपल्यापेक्षा गरीब आहे. कोलंबियाने २०२१ साली व्हेनेझुएलातून आलेल्यांना दहा वर्षांचं संरक्षण दिलं, कामाच्या परवानगीसकट. ब्रिटनसारखा श्रीमंत देश मात्र आश्रयाच्या अर्जावर वर्ष उलटल्याशिवाय कामाची परवानगी मागूही देत नाही.

आयर्लंडची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती एका माणसाने लढवली. म्यानमारहून आलेला तो माणूस आठ वर्षं सरकारी निवाऱ्यात होता. जेवण, खोली आणि आठवड्याला सुमारे एकोणीस युरो हातखर्च. अर्जाचा निकाल लागेना आणि निकाल लागेपर्यंत काम करायला पूर्ण बंदी. त्याला त्या निवाऱ्यातच नोकरी देऊ केली गेली होती, तीही घेता येईना. तो न्यायालयात गेला. ३० मे २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अर्ज किती वर्षं चालेल याला मर्यादाच नसताना अशी सरसकट बंदी घटनेला धरून नाही. काम हे माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेलं आहे, ती प्रतिष्ठा परक्या देशातून आलेल्यालाही असते, हा त्या निकालाचा गाभा. त्यानंतर त्या देशाने नियम बदलले आणि आता सहा महिन्यांत अर्जाचा पहिला निकाल लागला नाही तर काम करता येतं.

हे वाचलं त्या दिवशी मी ते ज्या मुलाला वाचून दाखवलं, त्याच्यासाठी हे पत्र आहे.

तिबेट कॅम्पातला मुलगा. बी.ए. झालेला, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध लिहितो. त्याचे आईवडील १९९१ साली नेपाळमार्गे आले. तो रोज सायकलने वाचनालयात यायचा, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन खिडकीजवळ बसायचा. एकदा केंद्र सरकारच्या एका भरतीची जाहिरात आली. पात्रतेच्या परिच्छेदाशी तो थांबला आणि कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. उमेदवार भारताचा नागरिक असावा, किंवा नेपाळचा अथवा भूतानचा प्रजाजन असावा, किंवा भारतात कायम राहण्याच्या हेतूने १ जानेवारी १९६२ पूर्वी आलेला तिबेटी निर्वासित असावा. त्याने त्या तारखेवर बोट ठेवलं. मग पान उलटून वयोमर्यादेवर ठेवलं. म्हणाला, “बाई, १९६२ च्या आधी आलेला माणूस आज निदान साठीच्या पुढचा असेल ना? मग ही जागा कुणासाठी आहे?”

मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. ती अट केव्हातरी कुणाच्या तरी भल्यासाठीच लिहिली गेली असेल. ती तशीच छापली जाते आहे आणि तिच्यात बसणारा उमेदवार आता जन्माला येऊ शकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या खटल्यात सांगितलं की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले जन्मानेच नागरिक आहेत. हा मुलगा त्यानंतरचा, आणि त्याचे आईवडील बाहेर जन्मलेले. गोठणगावच्या मातीत रांगला, राष्ट्रगीत माझ्यासमोर शिकला, आणि कागदावर परदेशी.

तो तीन आठवडे आला नाही. मी घरी गेले. त्याची आई म्हणाली, दुपारपर्यंत झोपतो, रात्रभर मोबाईल बघतो, जेवायला बोलावलं की चिडतो. मला माना कॅम्पातली बाज आठवली. मी त्याला समजावत बसले नाही. वाचनालयाची दाखल नोंदवही अर्धवट पडली होती. म्हटलं, “मला दिसत नाही नीट, ही पूर्ण करून दे. महिन्याला थोडं मानधन देता येईल.” दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो दारात उभा होता, मी चावी आणायच्या आधी. आता प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर त्याच्या अक्षरात क्रमांक आहे. फाटलेल्या पानांना खळ लावून तो ती सुतळीने बांधून ठेवतो. संध्याकाळी पाचवी-सहावीची पोरं त्याच्याकडे गणितं घेऊन येऊ लागली आहेत. जेवायला वेळेवर जातो, असं त्याची आई सांगते.

पण मी त्याला देते ते मानधन एका माणसाचं पोट भरण्याइतकं नाही, आणि क्रमांक घालायची पुस्तकं दिवाळीपर्यंत संपतील.

म्हणून तुम्हा दहाही जणांना माझी विनंती आहे. पक्ष कुठलाही असो, येत्या अधिवेशनात तीन प्रश्न तारांकित म्हणून टाका. १९६२ ची ती अट सरकार बदलणार आहे का? २०१४ च्या धोरणातले व्यवसाय-परवाने आणि कर्ज यांना कायद्याचं बळ देणार आहे का? आणि आश्रय मिळालेल्या किंवा मागणाऱ्या माणसाला ठरावीक मुदतीत कामाचा हक्क देणारं विधेयक कधी आणणार? सरकारने आणलं नाही तर तुमच्यापैकी एकाने खासगी विधेयक मांडा. मसुद्याला मदत लागली तर आमच्या तालुक्यात या. अरुणनगरला आणि गोठणगावला मी घेऊन जाईन. ते तळं अजून आहे, आजोबा नाहीत.

उत्तर आलं की ते कसंही असो, मला पाठवा. मी ते वाचनालयाच्या फळ्यावर लावीन. फळा रोज सकाळी सातला तोच पुसतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया